किल्ल्यांच्या जुडग्यामागचा ग्रंथपाल

ग्रंथालय चालविणाऱ्या माणसाला मराठीने ‘ग्रंथपाल’ हे नाव दिले, तेव्हा त्याला द्वारपालाच्या पंक्तीत बसविण्याचा तिचा हेतू खचितच नसावा. पाळणे या क्रियेत राखणे आहे तसे जोपासणेही आहे. गोपाल गाई नुसत्या कोंडून ठेवीत नाही, त्यांना रानात नेतो. परंतु लोकव्यवहारात या शब्दातला जोपासणारा मागे पडला आणि राखणदार तेवढा उरला. नाटकातला, व्यंगचित्रातला किंवा कचेरीतल्या मधल्या सुटीच्या गप्पांतला ग्रंथपाल आठवून पाहावा. नाकावर घसरलेला चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा, कोणी कुजबुजले की वर चढणारी भुवई, आणि पुस्तक मागणाऱ्याकडे ‘हा परत करील काय?’ अशा संशयाने पाहणारी नजर. दुसरे चित्र याच्या अगदी उलट : पंख्याखाली पेंगणारा, दिवसभर फुकटात वर्तमानपत्रे वाचून वर वेतन घेणारा सुखी जीव. ही दोन चित्रे एकाच माणसाची असू शकत नाहीत, एवढाही विचार ती रंगविणारे करीत नाहीत.

चित्रे केवळ मराठी नाहीत, हे खरे. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ सालच्या अमेरिकन चित्रपटात नायकाला एक देवदूत दाखवितो की, तो जन्मालाच आला नसता तर जग कसे असते. त्या उजाड जगात त्याच्या पत्नीची काय दशा झालेली दिसते? ती अविवाहित राहिलेली, चष्मा लावलेली, संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयाचे दार बंद करून बाहेर पडणारी ग्रंथपाल असते. स्त्रीच्या दुर्भाग्याची यापलीकडची कल्पना पटकथाकारांना सुचली नाही. जो समाज सार्वजनिक ग्रंथालयांवर सढळ हाताने पैसा खर्च करीत आला, त्याच्याही मनात ग्रंथपालाविषयी ही अढी होती.

चष्म्याचाच विषय निघाला म्हणून एका ग्रंथरक्षकाचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे यांनी १९१९ पासून १९६१ साली निधन होईपर्यंत ‘क्युरेटर’ म्हणून काम केले. हजारो पोथ्या त्यांच्या ताब्यात होत्या. त्या पोथ्यांचे त्यांनी केले काय? भारतात शोभेची दारू केव्हा आली, तंबाखू केव्हा आली, चष्मा केव्हा आला, अशा विद्वानांना क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पोथ्यांच्या पानापानांतून शोधून शेकडो निबंध लिहिले. ग्रंथपालाचा म्हणून ज्याची टवाळी होते त्या चष्म्याचा भारतातील इतिहास अशा रीतीने एका ग्रंथरक्षकानेच लिहून ठेवला आहे.

गोडे यांच्यासारखे लोक अपवाद, असे यावर कोणी म्हणेल. तेव्हा अपवादाचा नव्हे, नियमाचा विचार केला पाहिजे. ग्रंथपालाचे नित्याचे काम कोणते, आणि ते झाले नाही तर कोणाचे काय अडते? वाशीम जिल्ह्यातील वाचकाला या प्रश्नाच्या उत्तरासाठी दूर जाण्याची गरज नाही. त्याच्या जिल्ह्यातच, कारंज्यात, या प्रश्नाचे उत्तर आहे.

लाडांचे कारंजे बहुतेकांना ठाऊक आहे ते नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून. याच गावात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत : बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ यांची. या मंदिरांच्या भांडारांत शतकानुशतके पोथ्या साठत गेल्या. साठविणाऱ्यांनी त्या श्रद्धेने जपल्या, वाळवीपासून आणि ओलीपासून वाचविल्या, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्या पोथ्यांत काय आहे, हे भांडाराच्या भिंतीबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपूरला प्रसिद्ध झाली. तीत कारंज्याच्या पोथ्यांची नोंद होती. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या हिरालाल जैन यांनी (हे हिरालाल निराळे, नामसाम्याने आजही घोटाळा होतो) यांतील ग्रंथ संपादून प्रसिद्ध करण्याचे काम अंगावर घेतले. कारंज्याहूनच निघालेल्या ग्रंथमालेत १९३१ साली पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांच्या संपादनाने बाहेर पडले. १९३३ साली हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ साली कनकामराचे ‘करकंडचरिउ’ आले.

या नावांचे महत्त्व काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारील आणि तो योग्यच आहे. प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदीसारख्या भाषा यांच्यामधली पायरी म्हणजे अपभ्रंश. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत विद्वानांना ही भाषा ठाऊक होती ती मुख्यतः हेमचंद्राने आपल्या व्याकरणात दिलेल्या उदाहरणांवरून. १९१८ साली जर्मन पंडित हेर्मान याकोबी यांनी एक सबंध अपभ्रंश काव्य प्रसिद्ध केले, तेव्हा ती मोठी घटना ठरली. आणि दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात काव्य लिहिणारा पुष्पदंत हा त्या भाषेतला श्रेष्ठ कवी वऱ्हाडातल्या एका बाजारपेठेच्या गावात, फडक्यात गुंडाळलेल्या पोथ्यांच्या रूपाने, मुकाट वाट पाहत बसला होता. पोथ्या काही १९२६ साली लिहिल्या गेल्या नव्हत्या. सूची तेवढी त्या साली छापली गेली. एका ओळीत पोथीचे नाव, कर्त्याचे नाव, भाषा, पानांची संख्या आणि ती कोठे ठेवली आहे एवढा मजकूर लिहिणे, म्हणजेच ज्याला ग्रंथालयशास्त्र तालिकीकरण म्हणते ते रूक्ष काम, कोणी तरी केले आणि भाषेच्या इतिहासातील एक दालन उघडले. ग्रंथ राखणे हे निम्मे काम. तो आहे हे ज्याला हवा त्याला कळविणे, हे उरलेले निम्मे.

ज्यासाठी पहिले निम्मे कामही झाले नाही त्याचे उदाहरण खुद्द वाशीमचेच आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. या शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. त्याची कीर्ती एवढी की, काश्मिरातल्या आनंदवर्धनाला नवव्या शतकात त्याचा दाखला द्यावासा वाटला. भोजानेही त्यातले उतारे दिले. आज ‘हरिविजया’चे जे काही आहे ते या उताऱ्यांपुरतेच. सबंध काव्याची पोथी कोठल्याही भांडारात टिकली नाही. याच घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा जमीनदानाचा ताम्रपट मात्र वाशीमला सापडला आणि वाकाटकांच्या या शाखेचा इतिहास त्याने उजेडात आणला. जमिनीचा कागद तांब्यावर कोरला गेला म्हणून राहिला. काव्य माणसांच्या भरवशावर होते.

या पार्श्वभूमीवर आजच्या ग्रंथपालाचा दिवस पाहावा. बाहेरून दिसते ती पुस्तकांची देवघेव, म्हणजे ज्याला कामाचा शेवट म्हणावा तो भाग. त्याआधी पुस्तक निवडणे, परिग्रहण नोंदवहीत त्याची नोंद करणे, त्याचा विषय ठरवून वर्गांक देणे, तालिका करणे, ते जागेवर लावणे, कसर आणि वाळवी लागू न देणे, आणि केव्हा तरी ते बाद करण्याचा अप्रिय निर्णय घेणे, ही मालिका असते. यांतले वर्गीकरण हे निव्वळ कारकुनी काम आहे असा समज असेल, तर ‘ज्ञानेश्वरी’ हाती घ्यावी. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, हिंदू धर्माचा २९४.५. ज्ञानेश्वरी काव्य म्हणून पहिल्या ठिकाणी ठेवावी, की गीतेवरील टीका म्हणून दुसऱ्या? पहिल्या ठिकाणी ठेवली तर देवळातून थेट वाचनालयात येणारे आजोबा ती शोधत राहतात. दुसऱ्या ठिकाणी ठेवली तर एम. ए.च्या विद्यार्थ्याला ती सापडत नाही. दोन्हीकडून वाट दिसावी म्हणून दोन नोंदी कराव्या लागतात आणि हा निर्णय ग्रंथपालाला दर पुस्तकागणिक घ्यावा लागतो. त्यातच ही पद्धत परकी. धर्माच्या शतकातला फार मोठा भाग तिने एकट्या ख्रिस्ती धर्माला दिला आणि जगातले बाकीचे सर्व धर्म २९० च्या दशकात कोंबले. आपल्या वाचकांना सोयीची वाट त्या गर्दीतून काढून देण्याला अक्कल लागते.

वाचकाच्या प्रश्नाचे तर याहून अवघड. सोयाबीनच्या या मुलखात कोणी शेतकरी ‘शेतीवरचे एखादे पुस्तक द्या’ म्हणून येतो. त्याला शेतीवरचे एखादे पुस्तक नको असते. त्याच्या शेतातली पाने पिवळी पडत असतात. दोन प्रश्न विचारून हे काढून घेणे आणि मग नेमकी पुस्तिका, विद्यापीठाचे प्रकाशन किंवा कृषी विभागाचे पत्रक त्याच्या हाती देणे याला शास्त्रात संदर्भसेवा म्हणतात. मोबाइलवर उत्तरांचा पूर आलेल्या काळात हे काम संपले असे समजणे भाबडेपणाचे आहे. पुरात पिण्याचे पाणीच मिळेनासे होते, हा अनुभव नदीकाठच्यांना आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांनाही हे काम प्रथम कंटाळवाणे वाटले होते, हे फारसे सांगितले जात नाही. ते गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत रिकामपणाला विटून आपल्याला पुन्हा शिकवायला घ्यावे अशी विनंती त्यांनी केली. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालये पाहून यावे, मग ठरवावे, असे त्यांना सुचविण्यात आले. तिथे मुले, कामगार, गृहिणी ग्रंथालयात मोकळेपणाने वावरताना त्यांनी पाहिली, आणि परत आले ते ग्रंथपाल होऊनच. लंडनच्या दुकानात मुलांचे जोडकामाचे खेळणे पाहून वर्गीकरणाची नवी कल्पना त्यांना सुचली. १९३३ ची त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती तिच्यातून उभी राहिली. मद्रासला त्यांनी मुक्तद्वार पद्धत आणली : वाचकाने स्वतः मांडणीपाशी जावे, पुस्तक हाती घ्यावे, चाळावे. कुलूप काढण्याचा निर्णय म्हणजे ग्रंथपालाचा खरा जन्म, असे त्यांच्या बाबतीत म्हणता येईल.

मग आपल्याकडे अजून इतक्या कपाटांना कुलपे का? इथेच व्यंगचित्राचे रहस्य आहे. किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा, पुस्तक देताना कुरकुरणारा ग्रंथपाल काल्पनिक नाही. तो अनेक गावांत, अनेक शाळांत प्रत्यक्ष भेटतो. पण तो तसा जन्मत नाही, केला जातो. वर्षअखेर पुस्तकांची मोजदाद होते. नोंदवहीत आहे आणि कपाटात नाही अशा प्रत्येक पुस्तकाचा जाब त्याला विचारला जातो. वर्षभरात किती माणसांनी किती पुस्तके वाचली, कोणाची अडचण सुटली, याचा जाब कोणी विचारीत नाही. एकही पुस्तक बाहेर न देणारा ग्रंथपाल या हिशेबात निर्दोष ठरतो, आणि हजार पुस्तके फिरविताना चार गमावणारा गुन्हेगार. शहाण्या माणसाने अशा वेळी कुलूप लावावे यात नवल काय?

केंद्र शासनाच्या वित्तीय नियमांनी ही गोष्ट पूर्वीच ओळखली आहे. सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, तर अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसल्यास ते नुकसान वाजवी मानले जाते. म्हणजे जितके अधिक ग्रंथ फिरतील तितकी क्षमेची मर्यादा वाढते. न फिरविणाऱ्याला क्षमा मिळत नाही. किती सुज्ञ नियम! परंतु तो केंद्राच्या कार्यालयांपुरता. खेड्यातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने किंवा शाळेच्या व्यवस्थापनाने तो ऐकलेला असण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट वेतनाची. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम केला. त्याआधी कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच असा कायदा केला होता, आणि बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून मोफत वाचनालयांचे जाळे विणायला आणि ग्रंथपालांना शिकवायला आरंभ केला होता. मराठी माणसाच्या राजवटींची परंपरा या बाबतीत कमी प्रतीची नाही. १९६७ च्या कायद्याने मात्र तामिळनाडू, कर्नाटक किंवा केरळप्रमाणे ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर ठेवला नाही. लोकांनी संस्था काढावी आणि शासनाने अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून अनुदान द्यावे, अशी व्यवस्था झाली. तिच्यामुळे राज्यात दहा हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, हे तिचे यश नाकारता येणार नाही. पण आतला हिशेब पाहावा. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते. २०२२ साली ठरलेल्या साठ टक्के वाढीने ते ४८,००० झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला तर वर्षाला २४,००० म्हणजे महिना २,००० रुपये पडतात. २०२४-२५ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. सात दिवस माती उपसणाऱ्या मजुराला २,०७९ रुपये मिळाले असते. ग्रंथपालाच्या महिन्याहून एकोणऐंशी रुपये जास्त.

याच व्यवसायाच्या दुसऱ्या टोकाला महाविद्यालयातील ग्रंथपाल आहे. ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट परीक्षा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची अध्यापकांना समकक्ष वेतनश्रेणी त्याला आहे. ती त्याने कष्टाने मिळविली आहे, तिचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु एकाच नावाच्या दोन माणसांत एवढे अंतर असेल, तर समाजाच्या डोळ्यांपुढे कोणता उभा राहणार? अर्थातच गावातला, कारण तोच रोज दिसतो. दोन हजारांत घर चालत नाही म्हणून तो सकाळी दुसरे काही करतो, संध्याकाळी वाचनालय उघडतो, आणि खुर्चीत बसल्यावर त्याचा डोळा लागतो. व्यंगचित्रातली डुलकी ती हीच. शाळेतल्या ग्रंथपालाची कथा वेगळ्या तऱ्हेची पण तितकीच केविलवाणी : पद अनेक ठिकाणी अर्धवेळ, आणि ज्या वर्गावर शिक्षक आले नाहीत तिथे ‘ग्रंथपालांना पाठवा’ ही ठरलेली आज्ञा. वेळापत्रकातला वाचनाचा तास मग मुलांना वाचायला न मिळताच निघून जातो.

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या ग्रंथालयांत एक नवी गर्दी झाली आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली पहाटेपासून जागा धरतात. केंद्राने २०१८ साली आकांक्षित ठरविलेल्या जिल्ह्यांत वाशीमचा समावेश झाला. अशा ठिकाणी घरात दिव्याखाली शांत कोपरा मिळणे हीच चैन असते, तेव्हा ही गर्दी स्वागतार्हच आहे. मात्र तिच्यामुळे ग्रंथपालाविषयीच्या समजुतींत आणखी एकीची भर पडली : तो म्हणजे खुर्च्या-टेबले आणि पंखे यांचा व्यवस्थापक. मुले आपली पुस्तके आपण आणतात, दिवसभर पाठ करतात, जातात. शेजारच्या कपाटातल्या ग्रंथांशी त्यांची गाठ पडत नाही. ती पडावी म्हणून मध्ये एक जाणता माणूस लागतो. इतिहासाचे टिपण पाठ करणाऱ्या मुलाला, वाकाटकांवर वा. वि. मिराशींनी जे लिहिले ते पलीकडच्या कपाटात आहे, असे सांगणारा.

राज्य शासन दरवर्षी ग्रंथालयाच्या उत्कृष्ट कार्यकर्त्यांना आणि सेवकांना रंगनाथन यांच्या नावाचा पुरस्कार देते. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीनिमित्त हार आणि भाषणे होतात. त्या दिवशी ग्रंथपालाला ‘ज्ञानाचा दीपस्तंभ’ म्हणण्याची प्रथा आहे. हेही एक व्यंगचित्रच, फक्त सोनेरी चौकटीतले. दीपस्तंभाला पोट नसते.

करण्यासारख्या गोष्टी यापेक्षा साध्या आहेत. गहाळ ग्रंथांविषयीचा हजारी पाचाचा नियम राज्यातल्या अनुदानित ग्रंथालयांना आणि शाळांना लागू करायला शासनाला एक पैसाही पडणार नाही. तपासणीच्या नमुन्यात कपाटातल्या पुस्तकांबरोबर बाहेर गेलेल्या पुस्तकांचा आणि सोडविलेल्या प्रश्नांचा रकाना वाढविण्यालाही नाही. वेतन अनुदानातून वेगळे काढून ते किमान वेतनाच्या पातळीला आणणे खर्चाचे आहे. पण उपकराचा मार्ग शेजारच्या राज्यांनी दाखविलेलाच आहे. आणि वाशीम जिल्ह्यापुरते एक काम तर ताबडतोब हाती घेण्यासारखे आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील जुन्या वाचनालयांत, शाळांत आणि खाजगी घरांत वऱ्हाडातील जुनी नियतकालिके, स्मरणिका, गावांचे आणि संस्थांचे छापील वृत्तान्त जे काही उरले असतील, त्यांची एकत्र सूची करणे. दर पावसाळ्यात त्यांतले काही भिजते, दर दिवाळीच्या साफसफाईत काही रद्दीच्या तागडीत जाते. जिल्हा ग्रंथालय अधिकारी, महाविद्यालयांचे ग्रंथपाल आणि गावोगावचे ग्रंथपाल एकत्र आले तर हे काम दोन वर्षांत होईल. त्यासाठी गावच्या ग्रंथपालाला दिवसाची मजुरी कोणत्या शीर्षाखाली द्यायची, एवढेच जिल्हा नियोजन समितीने ठरवायचे आहे.